सिगइंट : इनपुट वाचणाऱ्या सी प्रोग्रॅममधील हाताळणी

युनिक्स-लिनक्सवर चालू प्रोग्रॅम थांबवायला कंट्रोल-सी दाबतात. मात्र ही कळ अक्षर म्हणून प्रोग्रॅमपर्यंत पोचत नाही. टर्मिनल ड्रायव्हर ती वाटेतच अडवतो, टाइप केलेली अर्धी ओळ टाकून देतो आणि टर्मिनलवर पुढे चालणाऱ्या प्रक्रियांच्या गटाला सिगइंट हा २ क्रमांकाचा सिग्नल, म्हणजे चालू काम मध्येच तोडणारी सूचना, धाडतो. काहीच सोय केली नसेल, तर प्रोग्रॅम तिथेच संपतो. बॅश शेल (आज्ञा घेणारा प्रोग्रॅम) त्यासाठी प्रोग्रॅम कसा संपला हे सांगणारा १३० हा आकडा देते, म्हणजे १२८ अधिक २. इनपुट संपल्याचे कळवणाऱ्या कंट्रोल-डीचा मात्र सिग्नलशी संबंध नाही.

सोय म्हणजे हँडलर फंक्शन, म्हणजे सिग्नल आल्यावर चालणारे फंक्शन. त्यात प्रिंटएफ हे छापण्याचे फंक्शन वापरू नये. मुख्य प्रोग्रॅम नेमका प्रिंटएफच्या मधोमध असताना सिग्नल आला, तर बफरची (मजकूर तात्पुरता साठवण्याच्या जागेची) अवस्था अर्धवट असते. म्हणून हँडलरने व्होलटाइल सिग_अॅटॉमिक_टी प्रकारचा (सिग्नल मध्येच आला तरी सुरक्षितपणे बदलता येणारा) एक झेंडा, म्हणजे खुणेचा व्हेरिएबल, उभारावा आणि परतावे, असे शिकवले जाते.

सल्ला बरोबर, पण अपुरा. प्रोग्रॅम एफगेट्स या ओळ वाचणाऱ्या फंक्शनपाशी ओळीची वाट पाहत असतो आणि हँडलर नेमणारे लिनक्सवरचे सिग्नल() फंक्शन बीएसडी या युनिक्सच्या एका शाखेची रीत पाळते : हँडलर संपला की अडलेले रीड (एफगेट्सच्या आतून इनपुट वाचणारी सिस्टिम कॉल) आपोआप पुन्हा सुरू होते. झेंडा उभा राहतो, पण एंटर दाबेपर्यंत तो पाहायला कोणी येत नाही. गंमत अशी की जीसीसी या कंपायलरला सी भाषेचे सी९९ हे प्रमाण काटेकोर पाळायला सांगितले, तर तोच कोड सिस्टिम फाइव्ह या युनिक्सच्या दुसऱ्या शाखेच्या रीतीने वागतो. मग हँडलर एकदाच चालतो आणि दुसऱ्या कंट्रोल-सीला प्रोग्रॅम मरतो.

म्हणून हँडलर नेमायला सिगअॅक्शन() वापरावे आणि रीड आपोआप पुन्हा सुरू करणारा एसए_रीस्टार्ट हा पर्याय मुद्दाम वगळावा. मग रीड उणे १ देते, एररनो (चुकीचा क्रमांक ठेवणारा व्हेरिएबल) ईआयएनटीआर, म्हणजे 'सिग्नलमुळे खंडित', होतो आणि एफगेट्स नल परतवते. हे नल म्हणजे इनपुट संपले असे नव्हे. फेरर() (चूक झाली का) आणि एफईओएफ() (इनपुट संपले का) यांनी खात्री करावी. पुढे वाचायचे असेल, तर चुकीची खूण पुसणारे क्लिअरएरर() आधी बोलवावे.

एक फट तरीही उरते. झेंडा तपासल्यावर, पण रीड सुरू होण्याआधी सिग्नल आला, तर प्रोग्रॅम पुन्हा वाट पाहतच बसतो. ती बुजवायला सिगइंट आधी रोखून धरतात आणि इनपुटची वाट पाहणाऱ्या पीसिलेक्ट()च्या थांब्यापुरताच मोकळा करतात. दुसरा मार्ग पाइपचा : हँडलर प्रोग्रॅमच्या स्वतःच्याच पाइपमध्ये (एका टोकाला लिहिलेले दुसऱ्या टोकाला वाचता येणाऱ्या नळीत) एक बाइट लिहितो आणि सिलेक्ट() इनपुटबरोबर त्या पाइपवरही लक्ष ठेवते. या दोन्ही पद्धतींत एफगेट्स सोडून थेट रीड वापरणे बरे, कारण एफगेट्सच्या बफरमध्ये आधीच येऊन पडलेल्या ओळी सिलेक्टला दिसत नाहीत.