गार्डच्या दरवाज्याला विनास्पर्श सेफ्टी सेन्सर: निवडण्याआधी हे पाहा

गार्डच्या, म्हणजे मशीनभोवतीच्या संरक्षक कुंपणाच्या, दरवाज्यासाठी सेन्सरची चौकशी आली की आम्ही आधी एकच गोष्ट विचारतो: दरवाजा उघडल्यापासून मशीन पूर्ण थांबायला किती वेळ लागतो? सेन्सर फक्त दरवाजा उघडल्याची खबर देतो, फिरता रोलर थांबवणं त्याच्या हातात नाही. आयएसओ १३८५५ या मानकात, धोक्याकडे चालत जाणाऱ्या माणसाचा वेग सेकंदाला १६०० मिमी धरतात. मशीन अर्ध्या सेकंदात थांबत असेल, तर दरवाजापासून धोक्याची जागा निदान ८०० मिमी लांब हवी. सेन्सर, सेफ्टी रिले (सेन्सरची खबर तपासून मशीन बंद करायला लावणारा), कॉन्टॅक्टर (मोटरची वीज तोडणारा स्विच) आणि ब्रेक, सगळ्यांचा वेळ यात मोजायचा. तेवढं अंतर मिळत नसेल तर मशीन थांबेपर्यंत दरवाजा बंदच ठेवणारं गार्ड लॉकिंग लागतं. अशा जागेसाठी नुसता सेन्सर मागितला तरी आम्ही देत नाही.

यानंतर पाहायचं ते म्हणजे सेन्सर फसवणं किती सोपं आहे. एकाच रीडचा (चुंबक जवळ आला की जुळणाऱ्या पातळ पट्ट्यांचा) साधा मॅग्नेटिक सेन्सर कुठल्याही चुंबकाला भुलतो. कोडेड मॅग्नेटिक सेन्सर तसा भुलत नाही, पण त्याच मॉडेलचा सुटा ॲक्च्युएटर (दरवाज्यावर बसणारा, सेन्सर ओळखतो तो जोडीचा तुकडा) त्याला चालतो. स्टोअरमधला स्पेअर ॲक्च्युएटर कोणी टेपने सेन्सरवर चिकटवला, की दरवाजा सताड उघडा आणि मशीन चालू! आरएफआयडीमध्येही (रेडिओ लहरींनी ॲक्च्युएटरचा कोड वाचणारे सेन्सर) दोन प्रकार आहेत. एक प्रकार त्या मालिकेतला कोणताही ॲक्च्युएटर स्वीकारतो. युनिक कोडचा सेन्सर मात्र फक्त आपल्या जोडीचाच ओळखतो. आयएसओ १४११९ नुसार १००० पेक्षा जास्त वेगवेगळे कोड शक्य असतील तरच कोडिंग उच्च पातळीचं मानलं जातं. दरवाजा दिवसातून अनेकदा उघडत असेल आणि सेन्सरपर्यंत सहज हात पोहोचत असेल, तर आमचा सल्ला युनिक कोडचाच. कमी कोडिंगचा घेतलात तर तो आडोशाला, हात पोहोचणार नाही असा बसवा. सहज न निघणारे वन-वे स्क्रू वापरा.

सेन्सर बायपास होतो त्याला बहुतेक वेळा कारण असतं: दरवाजा उघडा ठेवल्याशिवाय सेटिंग करताच येत नाही. तिथे कमी वेग आणि हातात धरायचं एनेबलिंग स्विच (दाबून धरलं तरच मशीन चालू देणारं) असलेला सेटिंग मोड द्या. ऑपरेटरला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही.

चार-पाच दरवाजे एकाच सेफ्टी रिलेवर घ्यायचे असतील तर सावध राहा. साध्या कॉन्टॅक्टचे सेन्सर सिरीजमध्ये जोडले, की एका दरवाज्याच्या सर्किटमधला बिघाड दुसरा दरवाजा उघड-बंद केल्यावर झाकला जाऊ शकतो. रिले रीसेट होतो, बिघाड तसाच राहतो. त्यामुळे कागदावर दाखवलेली पीएल (परफॉर्मन्स लेव्हल, म्हणजे सेफ्टी सर्किट किती भरवशाचं याची पातळी) प्रत्यक्षात मिळत नाही. ओएसएसडी आउटपुटचे (सेफ्टीसाठीचे इलेक्ट्रॉनिक आउटपुट असलेले) आरएफआयडी सेन्सर स्वतःचे आउटपुट टेस्ट पल्सने तपासत राहतात, म्हणून सिरीजसाठी ते बरे. मात्र साखळीत सेन्सर वाढले की प्रतिसादाचा वेळही वाढतो. तो वरच्या हिशोबात धरा.

बसवताना दरवाजा झुकणार हे गृहीत धरा. बिजागरी सैल झाली की ॲक्च्युएटर काही मिमी खाली उतरतो आणि मशीन कारण नसताना ट्रिप होऊ लागतं. दरवाज्याला लोकेटिंग पिन आणि वेगळा स्टॉपर द्या. सेन्सरवर दरवाजा आपटू देऊ नका. लोखंडी फ्रेमवर मॅग्नेटिक सेन्सरची रेंज घटते, तेव्हा मधे चुंबकाला न चिकटणाऱ्या धातूचा किंवा प्लास्टिकचा स्पेसर ठेवा. धातूच्या चिप्स उडतात तिथे चुंबकाला लोखंडाचा बुरा चिकटतो, म्हणून आरएफआयडी घ्या. जोराच्या गरम पाण्याने धुलाई होत असेल तर आयपी६९के (अशा धुलाईतही पाणी आत न शिरण्याचं रेटिंग) पाहा.

डेटाशीटमधलं खात्रीचं रिलीज अंतरही वाचा. दरवाजा तेवढा उघडेपर्यंत सेन्सर मशीन बंद करेल याची हमी नसते, आणि त्या फटीतून बोट आत जाता कामा नये.

चौकशी पाठवताना मशीन थांबण्याचा मोजलेला वेळ, दरवाजापासून धोक्यापर्यंतचं अंतर, दरवाज्यांची संख्या, फ्रेमचा धातू आणि रिस्क असेसमेंटमधून आलेली पीएल कळवा. बंद दरवाज्याचा, सेन्सरची जागा दिसेल असा एक फोटो जोडलात तर ब्रॅकेटही त्याच वेळी सुचवता येईल.