विक्रीतल्या, ऑर्डरपर्यंतच्या पायऱ्या आल्या कुठून?

१८८४ साली जॉन पॅटरसन यांनी अमेरिकेत, ओहायोतल्या डेटन गावी कॅश रजिस्टर, म्हणजे प्रत्येक विक्रीची नोंद ठेवणारा यांत्रिक गल्ला, बनवणारा एक छोटा कारखाना घेतला. गल्ल्यातले पैसे कसे पाझरतात हे त्यांनी स्वतःच्या दुकानात पाहिलं होतं. इतर दुकानदारांना मात्र या यंत्राची गरज वाटत नव्हती, आणि दुकानातल्या नोकरांना तर ते आपल्यावर चोरीचा आळ घेणारंच वाटे. असा माल नुसत्या गोड बोलण्यावर खपत नाही.

पॅटरसन यांचे नातेवाईक जोसेफ क्रेन कंपनीचे पट्टीचे विक्रेते होते. प्रत्येक दुकानात ते जवळजवळ तेच बोलत, त्याच क्रमाने. पॅटरसन यांनी ते बोलणं लिहून घेतलं आणि १८८७ मध्ये त्याची पुस्तिका निघाली. विक्रेत्यांना ती तोंडपाठ करावी लागे. तिच्यात चार टप्पे होते: ओळख, प्रस्ताव, प्रात्यक्षिक आणि सौदा. पहिल्या भेटीत यंत्राची भलामण करायची नाही, धंद्याबद्दल बोलायचं. प्रात्यक्षिक शक्यतो हॉटेलच्या खोलीत, म्हणजे मध्येच गिऱ्हाईक येणार नाही आणि नोकर कान देणार नाहीत. शेवटी ‘घेता का?’ असं विचारायचंच नाही. रंग कोणता हवा, कधी पाठवू, असं विचारत फॉर्म भरायचा आणि सहीच्या जागी फुली मारून पेन पुढे करायचं. यातला धूर्तपणा आजही खटकतो. पण समोरच्याची अडचण आधी आणि माल नंतर, हा क्रम मात्र अस्सल होता.

याच कंपनीत घडलेले थॉमस वॉटसन पुढे आयबीएमचे प्रमुख झाले आणि ही शिस्त तिकडेही गेली. आपल्याकडे १९८२ मध्ये सुरू झालेल्या युरेका फोर्ब्सने व्हॅक्यूम क्लीनर घरोघरी चालवून दाखवला, तोही तिसराच टप्पा.

चौथ्या टप्प्याला, म्हणजे सौद्याला, धक्का दिला विक्रीचे अभ्यासक नील रॅकहॅम यांनी. सुमारे ३५,००० विक्रीभेटींच्या अभ्यासावर आधारलेलं त्यांचं पुस्तक १९८८ मध्ये आलं. सहीसाठी घाई करण्याच्या युक्त्या स्वस्त मालाला चालतात, मोठ्या व्यवहारात उलट नडतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. तिथे प्रत्येक भेटीतून एखादा छोटा होकार पदरात पाडायचा: तांत्रिक माणसांची भेट, चाचणी, बजेटवर बोलणी. आज विक्रीच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसणारे रकाने साधारण याच टप्प्यांचे असतात.