उणे ३३ मनुष्य-महिने: सॉफ्टवेअरच्या खर्चाच्या अंदाजामागील इतिहास

सॉफ्टवेअर तयार करण्यास किती खर्च येईल, हे सूत्राने काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेतील सिस्टिम डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनने १९६० च्या दशकाच्या मध्यास केला. तेथे १६९ प्रकल्पांची शंभराहून अधिक वैशिष्ट्ये नोंदवून त्यांवरून एक रेषीय समीकरण बांधण्यात आले. सर्व घटक शून्य धरल्यास ते उणे ३३ मनुष्य-महिने (एका माणसाचे महिन्याभराचे काम म्हणजे एक मनुष्य-महिना) असे उत्तर देई आणि माणसाला वाचायला सोप्या उच्चस्तरीय भाषेऐवजी यंत्राच्या सूचनांजवळची असेंब्ली भाषा वापरली, तर प्रकल्प लहान असो की अवाढव्य, सरसकट सातच मनुष्य-महिने वाढवी. समीकरण फसले, मात्र पूर्ण झालेल्या कामांच्या नोंदी पद्धतशीर ठेवल्याखेरीज पुढच्या कामाचा अंदाज बांधता येत नाही, ही त्यामागची जाण योग्यच होती.

१९७८ मध्ये लॉरेन्स पुटनम यांनी मनुष्यबळाची गरज काळानुसार कशी चढते आणि उतरते, यावर आधारलेले प्रारूप मांडले. अधिक प्रभाव पडला तो बॅरी बोएम यांच्या १९८१ मधील ‘कोकोमो’ या प्रारूपाचा, जे सॉफ्टवेअरच्या आकारावरून श्रमांचा अंदाज देते. टीआरडब्ल्यू या कंपनीत काम करताना ६३ प्रकल्पांच्या माहितीवरून त्यांनी दाखवले की आकार दुप्पट झाला की श्रम दुपटीहून अधिक वाढतात. यंत्रसामग्रीशी घट्ट बांधलेल्या, कडक अटींच्या प्रकल्पांत ही वाढ सुमारे २.३ पट होते. याच प्रारूपानुसार सर्वांत कमकुवत आणि सर्वांत कुशल चमू यांच्या श्रमांत चौपटीहून जास्त फरक पडतो. कमी दराच्या निविदेवर भाळणाऱ्यांनी हा आकडा आजही डोळ्यांसमोर ठेवावा.

अडचण होती ती आकाराच्या मोजमापाची. कोकोमोला कोडच्या ओळींची संख्या लागते आणि ती काम संपल्यावरच नेमकी कळते. शिवाय तेच काम भाषा बदलली की वेगळ्या संख्येच्या ओळींत बसते. आयबीएममधील ॲलन आल्ब्रेख्ट यांनी १९७९ मध्ये यावर फंक्शन पॉइंटचा मार्ग सुचवला. वापरकर्त्याला दिसणारे इनपुट, आउटपुट, चौकशा आणि मास्टर फाइल मोजायच्या आणि त्यांना ठरावीक भार द्यायचा, अशी ही पद्धत असल्यामुळे गरजांचा आराखडा हाती येताच मोजणी सुरू करता येऊ लागली.

तरीही सूत्र परक्या घरात नेले की बिघडते, हे ख्रिस केमेरर यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले. व्यावसायिक माहितीप्रक्रियेच्या १५ पूर्ण झालेल्या प्रकल्पांना त्यांनी चार प्रारूपे लावून पाहिली, तेव्हा कोकोमो आणि पुटनम यांच्या प्रारूपाचे अंदाज प्रत्यक्ष श्रमांच्या कित्येक पट निघाले. प्रारूपांतील स्थिरांक ज्या संस्थेत वापरायचे, तेथील स्वतःच्या नोंदींवरून पुन्हा ठरवावे लागतात, असा याचा अर्थ होता. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील हा सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत कमी पाळला गेलेला निष्कर्ष आहे, कारण अशा नोंदी ठेवण्याचा वेळ कुठल्याच कंत्राटात मोजलेला नसतो.

पुढे १६१ प्रकल्पांची आकडेवारी आणि तज्ज्ञांचे मत यांची सांगड घालून कोकोमो-२ तयार झाले. २००२ मध्ये जेम्स ग्रेनिंग यांनी प्लॅनिंग पोकर सुचवला, ज्यात चमूतील प्रत्येक जण आपला अंदाज पत्त्यावर निवडतो आणि सर्व पत्ते एकाच वेळी उघडल्यामुळे ज्येष्ठांच्या आकड्याचा दबाव कनिष्ठांवर पडत नाही. याच्या जोडीने वापरले जाणारे स्टोरी पॉइंट, म्हणजे कामाच्या आकाराला चमूने दिलेले सापेक्ष गुण, त्या त्या चमूपुरतेच अर्थपूर्ण असतात. त्यामुळे निश्चित किमतीच्या कंत्राटात दोन पुरवठादारांची तुलना करायची असेल, तर स्टोरी पॉइंटचा आधार घेता येत नाही आणि तेथे फंक्शन पॉइंटसारखे सामाईक माप लागतेच.