फिश ऑइल आणि कॉड लिव्हर ऑइल एकच नाही, कंबरदुखीसाठी घेताय तर आधी डबी उलटी करून बघा

आईची कंबर वर्षभर धरतेय, सकाळी उठली की ओट्याला धरून हळूहळू सरळ होते. तिला कुणीतरी सांगितलं की फिश ऑइल घे, आणि मेडिकलमधून आल्या त्या छोट्या पिवळ्या गोळ्या, शंभरची डबी. महिनाभर घेतल्या, काही फरक नाही. मग मी डबी बघितली तर ते कॉड लिव्हर ऑइल निघालं. "माशाचंच तेल ना शेवटी?" आई म्हणाली. माशाचंच, पण एक अंगाचं आणि एक काळजाचं, म्हणजे लिव्हरचं, आणि सगळा फरक तिथेच आहे.

फिश ऑइल म्हणजे आपल्या तारली-बांगड्यासारख्या तेलकट माशांच्या मांसातून काढलेलं तेल. त्यात कामाचं असतं ते ओमेगा-३, म्हणजे ईपीए आणि डीएचए नावाच्या दोन प्रकारच्या चरबी. शरीरात सूज वाढवणारी जी रसायनं तयार होतात ना, प्रोस्टाग्लँडिन वगैरे, त्यांचं उत्पादन ईपीए कमी करतं, पेनकिलर पण साधारण त्याच वाटेवर काम करते, फक्त ती तासाभरात आणि हे दोन-तीन महिन्यांत. तेल पिऊन सांध्यांना वंगण मिळतं हे मात्र खरं नाही, तेल पोटात पचतं, तसंच्या तसं कमरेत जात नाही.

कॉड लिव्हर ऑइल कॉड माशाच्या लिव्हरमधून काढतात. त्यातही ओमेगा-३ आहे, पण सोबत व्हिटॅमिन ए आणि डी भरपूर. म्हणून तर पूर्वी मुडदूस झालेल्या पोरांना ते पाजायचे.

आता हिशोब बघा. २००६ साली अमेरिकेत पिट्सबर्गच्या न्यूरोसर्जननी मान-पाठदुखीच्या २५० पेशंटना रोज १२०० मिलीग्रॅम ईपीए-डीएचए दिलं, १२५ जणांनी उत्तरं पाठवली, त्यातल्या साधारण ६० टक्के लोकांनी दुखणं कमी झालं असं सांगितलं. ऐकायला भारी वाटतं, पण तुलनेला खोटी गोळी घेणारा गट नव्हता आणि निम्म्या लोकांनी उत्तरच दिलं नाही, त्यामुळे मी यावर फार भार टाकणार नाही. आमवातात, म्हणजे सांधे सुजणाऱ्या रुमेटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, पुरावा जास्त चांगला आहे, तिथे डोस २.७ ग्रॅमच्या आसपास लागतो. वजन उचलून धरलेली कंबर किंवा सरकलेली गादी हे वेगळं प्रकरण.

साध्या १००० मिलीग्रॅमच्या फिश ऑइल कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे खरं औषध फक्त ३००. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात १००० लिहितात, मागे बारीक अक्षरात ३००, तेच वाचायचं. १२०० गाठायला अशा ४ लागतात. आईच्या पिवळ्या गोळीत तर अख्खं तेलच ३०० मिलीग्रॅम होतं, त्यातलं ओमेगा-३ जेमतेम ५०-६०. ती रोज दोन घ्यायची!

मग कोणी म्हणेल कॉड लिव्हरच जास्त घेऊ. नको, प्लीज नको. एका छोट्या (चहाच्या) चमच्यात व्हिटॅमिन ए ४५०० युनिटच्या आसपास असतं आणि मोठ्या माणसाची रोजची वरची मर्यादा १०,००० युनिट, आमवाताचा डोस गाठायला तीन-साडेतीन चमचे लागतात, म्हणजे मर्यादा पार. जास्तीचं ए लिव्हरमध्ये साठतं, हाडांनाही वाईट, आणि गरोदर बाईने तर कॉड लिव्हर ऑइल घेऊच नये. फिश ऑइललाही एक अट आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोठा डोस नाही.

आईचं नंतर व्हिटॅमिन डी तपासलं, बरंच कमी निघालं, आणि डी कमी असलं तरी हाडं आणि कंबर दुखते. डॉक्टरांनी आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी दिली आणि रोजचे व्यायाम दिले. पिवळी डबी बंद केली, आणि बांगडा आठवड्यातून दोनदा आणतोय, तो तिला गोळीपेक्षा जास्त आवडतो.