उंदराच्या नाकाशी दिसतं ते रक्त नव्हे

पाळलेला उंदीर दोन वर्षांचा झाला, नाकाशी लाल डाग दिसला की आमच्या जळगावात लगेच निदान होतं: "रक्त येतंय, म्हातारा झाला, आता इलाज नाही." चूक. ओल्या कापसाच्या बोळ्याने पुसून बघा. बोळा लालसर होईल, पण ते रक्त नव्हे. डोळ्यामागच्या ग्रंथीतून झिरपणारं ते पॉर्फिरिन, म्हणजे एक लालसर रंगद्रव्य. ताण किंवा आजार वाढला की जास्त येतं.

खरं दुखणं छातीत. बहुतेक पाळीव उंदरांत मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जिवाणू लहानपणापासून मुक्कामाला असतो, उतारवयात डोकं वर काढतो. तो समूळ जात नाही; पण डॉक्सिसायक्लिन, एन्रोफ्लोक्सासिन या प्रतिजैविकांनी घरघर बरीच आटोक्यात येते. घरातली उरलेली अमॉक्सिसिलिनची गोळी मात्र इथे कुचकामी, कारण ती जिवाणूच्या पेशीभित्तिकेवर, म्हणजे पेशीभोवतालच्या भिंतीवर मारा करते, आणि या जिवाणूला ती भिंतच नसते. मात्रा पशुवैद्यालाच ठरवू द्या.

कापूर-बामची धुरी नकोच. पिंजऱ्यातला मुताचा उग्र वास म्हणजे अमोनिया, त्यानं दुखणं चिघळतं. भुशाऐवजी कागदाच्या पट्ट्या घाला. मे महिन्यात कूलरचा झोत थेट अंगावर नको. कुशी आत ओढत, तोंड उघडून श्वास घेत असेल, तर सकाळची वाट बघू नका.