बालसंगोपन योजनेचा अर्ज : कोण पात्र, कागद कोणते, आणि संस्थेचं काम नेमकं काय

नवरा गेल्यावर किंवा सोडून गेल्यावर एकटीने पोरं वाढवणाऱ्या कितीतरी बायकांना ही योजना माहितीच नसते, आणि माहिती असली तरी "ती अनाथ मुलांसाठी असते, आपल्याला कुठे मिळणार" असं म्हणून सोडून देतात. तसं नाहीये. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना ही ० ते १८ वयाच्या त्या मुलांसाठी आहे ज्यांना घरात कुणीतरी सांभाळतंय पण घर अडचणीत आहे. म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकच आहे, घटस्फोट झालाय, एकाने टाकून दिलंय, पालक तुरुंगात आहे, कॅन्सर-एचआयव्हीसारखा मोठा आजार आहे, किंवा दोघंही नाहीत आणि आजी-मामा बघतायत. मूल बालगृहात टाकायची वेळ येऊ नये, घरातच वाढावं, एवढाच हेतू.

पैसे किती? आधी महिन्याला ११०० होते, २०२३ पासून मुलामागे २२५० झाले. आणि हे नीट वाचा : तुमची केस बघणाऱ्या स्वयंसेवी संस्थेला सरकार प्रत्येक मुलामागे महिन्याला २५० वेगळे देतं. त्यामुळे "फाइलचे पैसे", "साहेबांचा चहापाणी" असं कुणी मागितलं तर सरळ नाही म्हणायचं आणि जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यायची.

आता यात तीन-चार जण गुंतलेले असतात म्हणून लोकांचा गोंधळ होतो. संस्था अर्ज भरून घेते, तिचा सामाजिक कार्यकर्ता घरी येऊन बघतो आणि गृहभेटीचा अहवाल लिहितो. जिल्हा बाल संरक्षण कक्ष कागद तपासतो. पण मंजुरी देते ती बाल कल्याण समिती, एक अध्यक्ष आणि चार सदस्य, बाल न्याय कायदा २०१५ खाली नेमलेली. समितीचा आदेश निघाला की मगच पैसे, तेही थेट बँकेत. म्हणजे संस्था "मंजूर करून देतो" म्हणत असेल तर ते तिच्या हातात नाहीच. आणि तुमच्या भागात संस्था नसेल तरी अडत नाही, जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात अर्ज थेट देता येतो.

कागद म्हणाल तर मुलाचं आणि पालकाचं आधार, मुलाचा जन्मदाखला, शाळेचा बोनाफाइड, रेशनकार्ड किंवा रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक (आधार लिंक करून घ्या, नाहीतर आदेश निघूनही पैसे लटकतात), फोटो, आणि पालक वारले असतील तर मृत्यूचा दाखला. बऱ्याच ठिकाणी मूल आणि पालक घरासमोर उभे असलेला फोटोही मागतात. सगळ्यावर नाव एकसारखं आहे का ते बघा, आधारवर "सुनिता" आणि बोनाफाइडवर "सुनीता" असलं तरी हेलपाटा पडू शकतो.

सगळ्यात जास्त अडतं ते टाकून दिलेल्या बायकांचं, कारण मृत्यूचा दाखला नाही, कोर्टाचा कागद नाही, नवरा कुठेतरी दुसरा संसार थाटून बसलेला. अशा वेळी गृहभेटीचा अहवाल हाच मोठा आधार असतो, म्हणून कार्यकर्ता घरी येईल तेव्हा काही लपवू नका, केव्हापासून वेगळ्या राहता, खर्च कोण करतं, सगळं स्पष्ट सांगा आणि पोलिसात तक्रार किंवा पोटगीची केस केली असेल तर त्याची झेरॉक्स लावाच. समितीपुढे बोलावलं तर मुलाला घेऊन जायचं, घाबरायचं कारण नाही, ते कोर्टासारखं उलटतपासणी घ्यायला बसलेले नसतात.

केंद्राच्या मिशन वात्सल्यची प्रायोजकत्व योजना वेगळी आहे, तिच्यात महिन्याला ४००० मिळतात, पण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० आहे. त्या मर्यादेत बसत असाल तर अर्ज भरायच्या आधीच बाल संरक्षण कक्षात विचारा की माझ्या मुलासाठी यातली कोणती लावायची.

अर्ज दिल्यावर पोच घ्या, तारीख आणि शिक्का असलेली. मंजूर झाल्यावर पत्ता किंवा शाळा बदलली तर लगेच संस्थेला कळवा आणि दरवर्षी नवीन बोनाफाइड मागायची वाट न बघता नेऊन द्या.