संगणकी चित्र आणि त्यामागचा कोड : पार्श्वभूमी

नागपुरातल्या चित्रप्रदर्शनांत हल्ली ‘डिजिटल’ असा एक गट दिसतो. स्टायलसने टॅबवर रंगवलेलं चित्र आणि प्रोग्राम लिहून घडवलेलं चित्र एकाच भिंतीवर लागतात, आणि दोघांखाली ‘डिजिटल प्रिंट’ एवढीच चिठ्ठी असते. पण पहिल्यात चित्रकाराचा हात प्रत्येक रेघ ओढतो, तर दुसऱ्यात रेघा कोणत्या नियमाने ओढल्या जाव्यात हे तो लिहून ठेवतो. त्याचं कौशल्य, त्याची निवड, सगळं त्या लिहिण्यात असतं. मग तोच भाग प्रेक्षकापासून दडवायचा कशाला?

गोळीबार चौक, तांडापेठेतल्या विणकर घरांना हे समजावून सांगावं लागणार नाही. काठाची नक्षी आधी ठरते, माग त्यानंतर चालतो. फ्रान्समध्ये जॅकार्डने १८०४ च्या सुमारास ही नक्षी पुठ्ठ्याच्या कार्डांवरच्या भोकांत उतरवली. भोक असेल तर ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तर खाली राहतो. १८३९ मध्ये खुद्द जॅकार्डचं रेशमी व्यक्तिचित्र विणलं गेलं, त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली. त्याची एक प्रत गणनयंत्राची योजना आखणाऱ्या चार्ल्स बॅबेजकडे होती. जॅकार्डचा माग फुलं-पानं विणतो तसं बॅबेजचं यंत्र बीजगणिताच्या नक्षी विणेल, असं इंग्लंडच्या गणिती एडा लव्हलेसने १८४३ मध्ये लिहिलं.

प्रत्यक्ष संगणकाची चित्रं भिंतीवर लागली ती १९६५ मध्ये. फेब्रुवारीत जर्मनीतल्या श्टुटगार्टला गेओर्ग नीस, एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला मायकेल नोल आणि बेला युलेश, नोव्हेंबरमध्ये पुन्हा श्टुटगार्टला नीस यांच्यासोबत फ्रीडर नाके. यांतलं कुणीही चित्रकलेच्या शाळेतून आलेलं नव्हतं. संगणक तेव्हा कंपन्यांच्या आणि विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतच असायचे. नीस यांच्या प्रदर्शनात जमलेले चित्रकार चांगलेच भडकले होते.

नीस यांचं ‘शॉटर’, म्हणजे खडी, हे चित्र जवळून बघण्यासारखं आहे. बारा-बारा चौकोनांच्या २२ ओळी. वरची ओळ शाळेतल्या प्रार्थनेसारखी शिस्तीत उभी. खाली यावं तसा प्रत्येक चौकोन थोडा फिरतो, थोडा सरकतो, आणि तळाशी सगळं विखरून पडतं. कोणता चौकोन किती कलणार हे यादृच्छिक (रँडम) आकडा ठरवतो, मात्र त्या आकड्याची मर्यादा ओळीगणिक वाढत जाते. नीस यांनी एकही चौकोन हाताने तिरका केलेला नाही. शिस्त किती सावकाश मोडावी, एवढं त्यांनी ठरवलं. त्या चित्रात जे डोळ्याला धरून ठेवतं ते नेमकं हेच, आणि ते कोडच्या मोजक्या ओळींत आहे.

नोल यांनी अमूर्त चित्रकार मोंद्रियानच्या एका चित्राच्या धर्तीवर संगणकाकडून चित्र काढून घेतलं आणि दोन्ही १०० जणांना दाखवली. संगणकाचं कोणतं, हे फक्त २८ टक्क्यांना ओळखता आलं. ५९ टक्क्यांना तेच जास्त आवडलं.

नियम लिहायला यंत्रच लागतं असंही नाही. पॅरिसच्या वेरा मोल्नार १९५९ पासून स्वतःच नियम आखून हाताने ते पाळत होत्या. खरा संगणक त्यांना १९६८ मध्ये मिळाला, मग त्या फोरट्रान ही प्रोग्रामिंगची भाषा शिकल्या. इकडे मुंबईत अकबर पदमसी यांनी १९७० च्या सुमारास रेघांच्या अशाच नियमबद्ध रचनांवरून ‘सिझिजी’ हा मूक ॲनिमेशनपट केला. ठिपक्यांच्या रांगोळीकडेही संशोधकांचं लक्ष गेलं. तमिळ कोलमची (तिकडच्या रांगोळीची) रचना औपचारिक व्याकरणात, म्हणजे काटेकोर नियमांच्या संचात, कशी बसते, हे गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ मध्ये मांडलं. दिवाळीत अंगणात ठिपके मोजून बसणाऱ्या आपल्या घरच्या बायकांचं कसब मला या इतिहासाचाच भाग वाटतं.

हॅरल्ड कोहेन यांची गोष्ट मात्र निराळी. ते नावाजलेले चित्रकार होते, १९६६ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात ब्रिटनतर्फे गेलेले. ‘आरॉन’ हा चित्रं काढणारा प्रोग्राम त्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून २०१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत वाढवत नेला. आरॉन आपणहून काही शिकत नव्हता. प्रत्येक नवी गोष्ट काढायला कोहेन यांनी त्याला कोडमधून शिकवलं.

२००१ मध्ये केसी रीस आणि बेन फ्राय यांनी कोडमधून चित्रं काढण्यासाठी ‘प्रोसेसिंग’ हे साधन आणलं, पुढे ब्राउझरमध्ये चालणारं ‘पीफाइव्ह’ आलं. दोन्ही फुकट. त्यामुळे आज व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेतला मुलगा असो की चित्रकला महाविद्यालयातली मुलगी, प्रयोगशाळेच्या परवानगीवाचून कुणाचंच अडत नाही. वाक्य टाइप करून एआयकडून मिळणारी चित्रं आल्यापासून तर कोडमधून केलेलं काम वेगळं ओळखता येणं जास्तच गरजेचं झालंय.

प्रिंटशेजारी कोडचं एक पान आणि ‘सीड’चा आकडा, म्हणजे यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात तो आकडा, लावणं कोणत्याही आयोजकाला जमेल. सीड तोच ठेवला की यादृच्छिक आकडे त्याच क्रमाने येतात आणि तेच चित्र पुन्हा मिळतं. परीक्षकांनी तो बदलून प्रोग्राम वीसदा चालवावा. विसांतलं एकच चित्र चांगलं निघालं की वीसही चांगली निघाली, हे बघून मग गुण द्यावेत.